मे महिन्यात १४ जणांना घेऊन मनालीकडे ॲडव्हेंचर ट्रिप: नऊ दिवसांत काय जमतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ठाण्यातल्या एका ऑफिसचे १४ जण, वयं २४ ते ५२, १ ते ९ मे सुट्टी, आणि त्यात हम्प्टा पासचा ट्रेक, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, कसोल आणि जमलंच तर स्पिती, हे सगळं कसं बसवायचं. बसणार नाही. पण यातलं निम्मं मस्त बसतं आणि तेवढंच केलंत तर हीच माणसं पुढच्या वर्षीही तुमच्याबरोबर येतील, म्हणून सविस्तर लिहिते. मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात, ऑफिसचे आणि सोसायटीचे ग्रुप डोंगरात न्यायचं काम दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे मतं जरा ठाम आहेत, चालवून घ्या.

आधी दिवस मोजा. १ तारखेला कल्याणहून निजामुद्दीन राजधानी पकडली की २ ला सकाळी दिल्ली, संध्याकाळची व्होल्वो, ३ ला सकाळी मनाली. येताना ७ ची संध्याकाळची बस, ८ ला दिल्लीहून गाडी, ९ ला घर. म्हणजे डोंगरात तुमच्या हातात ३ ते ७ असे पाचच दिवस आले. विमानानं चंदीगडला उतरलात तर एखादा दिवस वाचेल, पण पुढे तीनशेक किलोमीटर रस्ता आहेच. किरतपूर-नेरचौकचे बोगदे झाल्यापासून तो बराच सुसह्य झालाय, तरी मे महिन्यात कुल्लूच्या पुढे ट्रॅफिकमधून गाडी किती वाजता बाहेर पडेल हे ड्रायव्हरसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. पाच दिवसांत कसोल म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत घालवणं. काढून टाका.

आता बर्फ. आपल्याकडे मे म्हणजे घामाच्या धारा, म्हणून आपल्याला वाटतं तिकडेही सगळं मोकळं झालं असेल. हम्प्टा पास साधारण ४,२७० मीटरवर आहे आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे बर्फ गच्च असतो, पलीकडे छत्रूला उतरलात तरी तिथून गाडीनं परत यायचा रस्ता उघडलेला नसतो, म्हणून नेहमीचे ट्रेकवाले तो जूनपासून पुढे करतात. मेच्या पहिल्या आठवड्यासाठी कोणी हम्प्टा 'पूर्ण करून देतो' म्हणत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. स्पितीचंही तेच. मनालीकडून जायचं तर ४,५५१ मीटरचा कुंझुम पास लागतो आणि तो बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो. सिमला-किन्नौरकडून स्पितीला जाता येतं, पण ती वेगळी ट्रिप आहे आणि तिला वेगळे दिवस लागतात. रोहतांगला परमिट लागतं, मंगळवारी रस्ता बंद ठेवतात, आणि मेच्या सुरुवातीला वरपर्यंत गाडी जाईलच असं नाही. त्याऐवजी अटल टनेल घ्या, परमिटची भानगड नाही, ९ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की तुम्ही लाहौलमध्ये. एका तोंडाला हिरवी झाडी आणि दुसऱ्या तोंडाला उघडे डोंगर, सिस्सू गावाच्या आजूबाजूला बर्फ. ज्यांना फक्त बर्फात फोटो काढायचेत त्यांचं काम इथेच होतं, आणि १४ मध्ये असे पाच-सहा जण असतातच, त्यात वाईट काही नाही.

माझा एकच आग्रह आहे, मुक्काम एका जागी ठेवा. चार रात्रींत चार हॉटेलं बदलणं म्हणजे रोज सकाळी १४ सॅक, १४ चार्जर आणि एक हरवलेली चप्पल. मॉल रोडवर राहू नका, मे महिन्यात तिथे गर्दी आपल्या ठाण्याच्या गोखले रोडच्या दिवाळीतल्या संध्याकाळसारखी असते. नग्गरला होमस्टे बघा, बियास नदीच्या डाव्या बाजूचा रस्ता, उंची साधारण १,८०० मीटर, शांत गाव, किल्ला आहे, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांची आर्ट गॅलरी आहे, म्हणजे ज्याचा गुडघा दुखतोय त्यालाही दिवसभर करायला काहीतरी आहे.

मी असा प्लॅन लावला असता. ३ तारखेला काहीच नाही. खरंच काहीच नाही, रात्रभर बसमधून आलेली माणसं आहेत, आंघोळ, जेवण, झोप आणि संध्याकाळी गावातून एक चक्कर. ४ तारखेला पाणी आणि हवा दोन्ही, कारण दोन्ही खालच्या दरीतच आहेत. सकाळी लवकर दोभीला पॅराग्लायडिंग, मग पिरडीहून झिरीपर्यंत बियासमध्ये राफ्टिंग, साधारण १४ किलोमीटर. ही दोन्ही कामं दुपारवर ढकलू नका, उन्हानं वरचा बर्फ वितळतो तसा दिवस चढेल तसं नदीचं पाणी वाढतं, वाराही दुपारी बेभरवशाचा होतो आणि मेमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन गारा पडणं नवीन नाही. बीर-बिलिंगचं उड्डाण दोभीपेक्षा कितीतरी मोठं आणि सुंदर आहे हे मान्य, पण नग्गरहून बीरला जाऊन येण्यातच दिवस संपतो, तुमच्या पाच दिवसांत तो परवडत नाही.

पॅराग्लायडिंगचं जरा जास्त सांगते कारण ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पायलट रजिस्टर्ड आहे का विचारा, कार्ड बघा, लाजू नका. हार्नेसचे दोन्ही मांड्यांचे पट्टे आणि छातीचा पट्टा लागलाय का ते स्वतः हात लावून बघा, रिझर्व्ह पॅराशूट कुठे आहे ते दाखवायला सांगा. मग उतारावर पायलट मागून ओरडतो 'भागो, भागो, बैठना नहीं', आणि आपली माणसं नेमकी दोन पावलं टाकून बसतात! पाय हवेत सुटेपर्यंत पळत राहायचं, बस्स, एवढंच तुमचं काम. पाय जमिनीवर असताना बसलात की तुमचं सगळं वजन पायलटवर येतं आणि दोघंही गवतावर घासत जाता. हे आदल्या रात्री जेवताना सगळ्यांना सांगून ठेवा, तिथे उतारावर कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. वजनाची मर्यादा असते तीही आधीच विचारा, नाहीतर शंभर किलोवाल्या मित्राची सगळ्यांसमोर पंचाईत होते.

५ आणि ६ तारखेला ग्रुप दोन भागांत तोडा. तोडा म्हटलं की सगळ्यांना वाईट वाटतं पण ट्रिप वाचते ती इथेच. दमदार सात-आठ जण असतील त्यांना बियास कुंडच्या, म्हणजे नदीच्या उगमाजवळच्या तळ्याच्या वाटेला पाठवा. त्यांनी ४ ची रात्र सोलंगला काढायची, तिथे उंची अडीच हजार मीटरच्या आसपास आहे, ५ ला धुंडीहून बकरथाचला तंबू, ६ ला सकाळी बर्फ परवानगी देईल तिथपर्यंत वर जाऊन परत खाली. कुंड साधारण ३,७०० मीटरवर आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात तिथपर्यंत पोचालच असं धरू नका, आणि लोकल गाइडशिवाय जाऊ नका, कारण बर्फावर पायवाट दिसत नाही आणि ओढ्यांवरचा बर्फ वरून पक्का वाटतो तेव्हाच आत पोकळ असतो. बाकीच्यांनी एक दिवस सिस्सू, एक दिवस वशिष्ठहून जोगिनी धबधबा. ७ तारीख मोकळी ठेवा. ४ ला पाऊस आला तर उड्डाण किंवा राफ्टिंग ७ ला सकाळी होईल, नाही आला तर शॉपिंग आहेच, शाली घेतल्याशिवाय कोणी परत येणार आहे का.

उंचीची गोष्ट चेष्टेवारी नेऊ नका. ३,७०० मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन ठाण्याच्या मानानं एक तृतीयांशाहून जास्त कमी असतो, कारण हवेचा दाबच कमी. त्याचा फिटनेसशी फारसा संबंध नाही, मॅरेथॉन पळणारा आधी आडवा होतो आणि ५२ वर्षांचे काका मजेत चालतात असंही होतं. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं असं काही असेल तर त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं, रात्र असो की पाऊस. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर वाट बघायचीच नाही, लगेच खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कोणी व्हॉट्सॲपवर वाचून घेऊ नये, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालत नाही, आपल्या डॉक्टरला विचारूनच. आणि तंबूतल्या रात्री 'बसायचा' कार्यक्रम नको. खाली नग्गरला शेवटच्या रात्री काय ते करा.

तयारीसाठी जिमचं पॅकेज लागत नाही. ठाण्यात उपवनहून येऊरचा चढ पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन आठवड्यातून तीनदा करा, नवी मुंबईतल्यांना खारघरची टेकडी किंवा बेलापूरची पारसिक हिल आहे. मार्चमध्ये एकदा सगळ्यांना कळसूबाईला न्या, बारीतून रात्री चढायला सुरुवात करून उजाडताना माथ्यावर, ऊन तापायच्या आत खाली. १,६४६ मीटरचं शिखर आहे, उंचीचा त्रास नाही पण चढ खरा आहे, आणि मुख्य म्हणजे कोण किती चालतो, कोण चिडतो, कोण पाणी न आणता दुसऱ्याची बाटली मागतो हे सगळं एका रात्रीत कळतं. बियास कुंडची यादी तिथेच करा. कोणी म्हणालं 'मला जमेल, मी मॅनेज करेन', तर कळसूबाईला तो कुठे बसला होता ते आठवा. नवीन बूट घ्यायचे तर याच ट्रेकच्या आधी घ्या, मनालीत कोरे बूट घातले की दुसऱ्या दिवशी टाचा सोलतात. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. थर्मल, फ्लीस आणि वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट असे तीन थर पुरतात. गॉगल मात्र चांगला यूव्हीवाला, बर्फावरून येणाऱ्या उजेडानं डोळ्यांची आग होते आणि ती रात्री कळते.

पैशांचा विषय आधी काढा. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये 'येणार' म्हणणाऱ्यांची संख्या आणि ॲडव्हान्स पाठवणाऱ्यांची संख्या यांचा संबंध नसतो, मार्च उजाडला की कोणाच्या नणंदेचं लग्न निघतं, कोणाची अप्रेझल येते. परत न मिळणारा ॲडव्हान्स आला तोच माणूस मोजा. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १ मेच्या गाडीसाठी २ मार्चला सकाळी ८ वाजता, आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात. तेव्हा १४ जणांसाठी तीन जणांनी आयआरसीटीसीच्या तीन आयडींवरून एकाच वेळी बसायचं, नावं-वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून. परतीचं तिकीटही त्याच्या त्याच्या दिवशी असंच. इन्शुरन्स काढताना ॲडव्हेंचर ॲक्टिव्हिटी आणि ट्रेकची उंची त्यात धरलीय का ते वाचा, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसींत हे वगळलेलं असतं.

आणि दिल्ली-मनाली व्होल्वो बुक करताना मागच्या सीट पोरापोरांनी घ्या, ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, एव्होमीनची गोळी बस सुटायच्या आधी अर्धा-एक तास द्या. मंडीच्या पुढे वळणं सुरू झाल्यावर देऊन काही उपयोग नसतो.