जुनं सॅलरी खातं मायनसमध्ये गेलंय, पैसे भरावे लागतील का?

हिंजवडीतली नोकरी सुटली, खातं तसंच राहिलं आणि आता मायनस २,१०० दिसतंय, असं तुमचं म्हणणं. लगेच भरू नका. आधी स्टेटमेंट काढा आणि कापलेली प्रत्येक रक्कम कशाची आहे ते बघा.

पगार येणं थांबलं की काही महिन्यांत बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि अनेक बँकांत किमान शिल्लक लागू होते. गोची इथेच होते. पण १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेला रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: केवळ किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे बचत खातं मायनसमध्ये जाता कामा नये. दंडाआधी कळवून एक महिन्याची मुदत द्यायची आणि दंडही तुटीच्या प्रमाणातच लावायचा. वर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वेगळा.

कर्जाचा ईएमआय किंवा म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचा हप्ता परत गेल्याचा दंड मात्र या नियमात येत नाही. तो भरावा लागेल.

शाखेत लेखी अर्ज द्या, 'मिनिमम बॅलन्स चार्ज रिव्हर्स करून खातं बंद करा' असं लिहा आणि पोच घ्या. (काउंटरवरचं तोंडी 'होऊन जाईल' काही कामाचं नाही.) ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही. चौकशीला १४४४८.