रक्त आमचे तपासले, निष्कर्ष कुठे गेले?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरतात : आरोग्याचे संशोधन आमच्या गावात होते, पण ते आमच्या उपयोगी पडत नाही. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका पथकाने आमच्या गावातील महिलांचे रक्त तपासले, घरोघरी तासभर प्रश्न विचारले. नंतर कोणीही फिरकले नाही. निष्कर्ष मागण्याचा आम्हाला हक्क आहे का? (ग्रामपंचायत सदस्या, खटाव तालुका)

उत्तर : अवश्य मागावेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, संशोधनाचा लाभ सहभागी व्यक्ती आणि त्यांचा समाज यांच्यापर्यंत पोहोचावा. संमतिपत्रावर सही घेताना माहितीचा जो कागद दिला जातो, त्यावर मुख्य संशोधकाचा आणि संस्थेच्या नैतिक समितीचा संपर्क असतो. तो कागद कोणाच्या तरी घरी फडताळात सापडेल. त्यावरील दोन्ही पत्त्यांवर ग्रामपंचायतीच्या नावाने पत्र पाठवा. मात्र मागणी करताना एक भेद सांभाळावा. गावातील किती महिलांमध्ये हिमोग्लोबिन कमी आढळले, हे ग्रामपंचायतीने विचारावे. कोणत्या महिलेचे किती आले, हे फक्त त्या महिलेने विचारावे. पुढच्या वेळी पथक आले की पहिल्याच दिवशी, चहा देण्याआधी, “निष्कर्ष सांगायला कोणत्या महिन्यात येणार?” असे विचारून उत्तर लेखी घ्या. मी स्वतः तरुणपणी अशी दोन सर्वेक्षणे केली आणि गावात परत गेलो नाही, म्हणून हे जरा अधिकाराने सांगतो.

प्रश्न : माझा प्रबंध पूर्ण झाला असून त्यातील आलेख ग्रामसभेत दाखवण्याचा विचार आहे. भाषा सोपी केली तर पुरेसे होईल का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : भाषा सोपी करणे हे काम निम्मेच आहे. ‘रक्तक्षय’ऐवजी ‘अंगात रक्त कमी’ म्हणाल, टक्क्यांऐवजी ‘दर दहा बायकांमागे पाच’ म्हणाल, हे उत्तमच. ‘धोका दुप्पट झाला’ असे मात्र नुसते म्हणू नका; हजारात एकाला होणारा आजार हजारात दोघांना होऊ लागला तरी तो दुप्पटच, आणि शंभरात वीसचे चाळीस झाले तरीही दुप्पटच, पण पहिल्यात गावाने घाबरण्याचे कारण नाही आणि दुसऱ्यात स्वस्थ बसण्याची सोय नाही.

खरा प्रश्न असा की, तुमचे ऐकून उद्या सकाळी कोणी काय वेगळे करायचे आहे? गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे अडचण अशी होती की, बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातल्या सुइणींना तेवढे मोजता येत नव्हते. त्यांनी सुइणींना आकडे शिकवत बसण्याऐवजी एक साधन बनवले : एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. एवढे संशोधन त्या मण्यांत उतरले, आणि ते वापरणाऱ्या बाईला त्यातला एकही शोधनिबंध वाचावा लागला नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड हेही याच जातीचे आहे. लाल कार्ड म्हणजे काय, हे सरपंचाला समजावून सांगावे लागत नाही.

ग्रामसभेबद्दलही एक सूचना. तुमचा विषय महिलांचा असेल, तर त्या ग्रामसभेत बोलतील असे गृहीत धरू नका; दुपारी अंगणवाडीत वेगळी बैठक घ्या. ऊसतोडीच्या कुटुंबांना सांगायचे असेल, तर हंगामात अंगणवाडी नव्हे, त्यांची कोपी, म्हणजे राहण्याची झोपडी, गाठावी लागेल, आणि तीही त्या दिवसभराचे काम उरकून परतल्यावर. मांडणीआधी ती गावातल्या दोन आशा सेविकांना ऐकवा; त्या जेथे मान डोलावण्याऐवजी एकमेकींकडे पाहतील, तेथे तुमचे वाक्य फसले आहे.

प्रश्न : राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असे प्रशिक्षणात सांगतात. ते आमच्या गावालाही लागू आहे का? (आशा, वाळवा तालुका)

उत्तर : आपण ऐकलेला आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९–२१ चा आहे, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्या सर्वेक्षणाची जिल्हावार माहितीपत्रकेही मोफत मिळतात. परंतु ते निवडक घरांचे सर्वेक्षण असल्यामुळे जिल्ह्याचे चित्र दाखवते, तुमच्या गावाचे नाही. तुमच्या गावाचे चित्र तुमच्याच नोंदवहीत आहे, फक्त ते वाचताना घाई करू नये. समजा, गावात वर्षाला वीस बाळंतपणे झाली आणि तीन बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची निघाली, तर ते प्रमाण १५ टक्के होते. पुढच्या वर्षी पाच निघाली तर २५ टक्के. वर्तमानपत्राला ही मोठी वाढ वाटेल, पण फरक दोन बाळांचा आहे. म्हणून तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र करून पाहाव्यात आणि त्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत ठेवाव्यात. वार्षिक निधी कशावर खर्चायचा हे ठरवताना तेथे अंदाजापेक्षा वहीला वजन असते.

प्रश्न : हळदीने मधुमेह बरा होतो हे संशोधनाने सिद्ध झाल्याचा संदेश फिरतो आहे. आम्ही तर हळदीच्या पेठेतलेच. विश्वास ठेवावा का? (वाचक, सांगली)

उत्तर : सांगलीकराला हळदीविरुद्ध काही सांगणे अवघडच. तरी ज्या संशोधनाचा हवाला दिला जातो ते उंदरांवर झाले की माणसांवर, किती जणांवर, आणि औषध न घेणाऱ्या गटाशी तुलना केली होती का, हे विचारावे. शिवाय असे प्रयोग बहुधा हळदीतून वेगळे काढलेल्या कुर्क्युमिनवर होतात. हळदीत ते थोडेच, सुमारे दोन ते पाच टक्के असते आणि शरीरात नीट शोषले जात नाही; त्यामुळे तेथला निष्कर्ष आमटीतल्या चिमूटभर हळदीला लावता येत नाही. हळद जरूर खा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधुमेहाची गोळी बंद करू नका.

प्रश्न : जागृतीसाठी क्षयरुग्णांची वाडीनिहाय संख्या पंचायतीच्या फलकावर लावावी, असा आमचा प्रस्ताव आहे. (शिक्षक, पाटण तालुका)

उत्तर : लावू नये. तीस उंबऱ्यांच्या वाडीत ‘रुग्ण : १’ एवढे लिहिले, तरी नाव लिहिल्यासारखेच होते, आणि पुढचा रुग्ण खोकला लपवतो. फलकावर दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकीची तपासणी कोठे होते, कोणत्या वारी होते आणि ती मोफत असते, एवढे मोठ्या अक्षरांत लिहा.