वाचकांचे प्रश्न : कॅप्टन आणि टोनी नेमके कशावरून फुटले?

प्रश्न : ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ हा चित्रपट पाहिला आहे. मूळ कॉमिकमध्येही भांडण त्याच करारावरून होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. मार्क मिलर यांनी लिहिलेली आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांनी चितारलेली सात अंकांची मूळ मालिका २००६ मध्ये सुरू झाली आणि २००७ च्या सुरुवातीला संपली. तिच्यात वाद मुखवट्याचा आहे. कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्डमध्ये ‘न्यू वॉरियर्स’ हा तरुण सुपरहिरोंचा गट टीव्हीच्या रिअ‍ॅलिटी शोसाठी, कॅमेरे सोबत घेऊन, खलनायकांवर धाड घालतो. त्या खलनायकांपैकी नायट्रो शाळेजवळ स्वतःचा स्फोट करतो आणि शेकडो माणसं मरतात, शाळकरी मुलांसकट. मग नोंदणी कायदा येतो. ज्याच्याकडे अचाट शक्ती आहे त्याने आपलं खरं नाव सरकारला द्यायचं, प्रशिक्षण घ्यायचं आणि सरकारच्या हाताखाली काम करायचं. स्पायडरमॅनसारख्याला याची भीती का वाटते, हे सांगायला नको. त्याच्या घरी म्हातारी मे काकू आहे.

चित्रपटात हा मुद्दाच उरत नाही, कारण अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या गटातल्यांची नावं जगाला ठाऊक आहेत. टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, २००८ च्या पहिल्या ‘आयर्न मॅन’मध्येच पत्रकारांसमोर ओळख सांगून टाकलेली आहे. त्यामुळे २०१६ च्या चित्रपटात प्रश्न येतो तो हुकमाचा. ११७ देशांनी मान्य केलेला सोकोविया करार म्हणतो की अ‍ॅव्हेंजर्स यापुढे खासगी संघटना राहणार नाही. संयुक्त राष्ट्रांची समिती सांगेल तेव्हाच, तिला गरज वाटली तरच, त्यांनी बाहेर पडायचं. कॉमिकमध्ये भांडण यादीवरून आहे आणि चित्रपटात लगामावरून. ‘सुरक्षा विरुद्ध स्वातंत्र्य’ हे एकच लेबल दोन्हीला लावलं की नेमकी हीच गोष्ट निसटते.

प्रश्न : कॅप्टन तर सैनिक, हुकूम पाळणारा. टोनी आढ्यताखोर, कुणाचं न ऐकणारा. मग बाजू उलट्या कशा झाल्या?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : याचं उत्तर आधीच्या चित्रपटांत आहे. २०१० मधल्या ‘आयर्न मॅन २’ मध्ये सिनेट समितीपुढे आपलं चिलखत द्यायला साफ नकार देणारा टोनी आठवा. पुढे २०१५ मध्ये त्यानेच घडवलेला अल्ट्रॉन हा यंत्रमानव सोकोविया या देशातलं शहर उद्ध्वस्त करतो. ‘सिव्हिल वॉर’च्या सुरुवातीला एक आई त्याला गाठते, तिचा मुलगा त्या शहरात मेलेला असतो. टोनीची करारावरची श्रद्धा त्या भेटीतून येते. त्याला सरकारवर विश्वास बसलेला नाही, स्वतःवरचा उडाला आहे.

स्टीव्हचं, म्हणजे कॅप्टनचं, अगदी उलट झालं आहे. २०१४ च्या ‘विंटर सोल्जर’मध्ये ज्या शील्ड या गुप्तचर संस्थेसाठी तो राबला तिच्यात हायड्रा ही शत्रू संघटना मुरलेली निघाली. लोकांना धोकादायक ठरवून आधीच टिपण्याची यंत्रे तिथे उड्डाणाला तयार होती. समित्या माणसांच्या असतात आणि माणसांचे हेतू बदलतात, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

यातला सर्वांत मोलाचा प्रसंग बर्लिनमधल्या त्या खोलीतला आहे. १९४१ मध्ये रूझवेल्ट यांनी लेंड-लीज कायद्यावर ज्या पेनांनी सही केली, ती पेनं टोनी स्टीव्हपुढे ठेवतो. नंतर दुरुस्त्या करून घेऊ, म्हणतो. स्टीव्हचं मन जवळजवळ वळलेलं असतं. तेवढ्यात कळतं की त्यांच्याच गटातल्या वांडाला टोनीने अ‍ॅव्हेंजर्सच्या आवारात अडकवून ठेवलंय. तिच्यावर ना खटला, ना आरोप. तिच्याच भल्यासाठी म्हणे. स्टीव्ह पेन खाली ठेवतो. करारातल्या कुठल्याही कलमाने झालं नसतं ते त्या एका नजरकैदेने होतं. आमच्या मते चित्रपटाचा खरा वाद इथेच संपतो. सायबेरियातली शेवटची मारामारी १६ डिसेंबर १९९१ च्या खुनाबद्दल, स्टीव्हचा जुना मित्र बकी याने टोनीच्या आईवडिलांना मारलं त्याबद्दल आहे. ती हेलावून टाकते, पण तिचा कराराशी संबंध उरलेला नसतो.

प्रश्न : चित्रपटातल्या विमानतळावरच्या लढाईत कोण कुणाकडून होतं? घरात वाद चालू आहे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : सहा विरुद्ध सहा. कॅप्टनकडे बकी, सॅम (फाल्कन), वांडा, क्लिंट (हॉकआय) आणि स्कॉट (अँटमॅन). टोनीकडे ऱ्होडी (वॉर मशीन), नताशा (ब्लॅक विडो), टी’चाला (ब्लॅक पँथर), व्हिजन आणि पीटर (स्पायडरमॅन). घरातला वाद बहुधा नताशावरून असेल : ती टोनीकडून लढते, पण शेवटी टी’चालाला थोपवून स्टीव्ह आणि बकीला निसटू देते. ऱ्होडी मात्र आपल्याच बाजूच्या माऱ्याने कोसळतो. व्हिजनने नेम सॅमवर धरलेला असतो.

प्रश्न : मूळ कॉमिक वाचायचं आहे, पण अंकांचा डोंगर आहे. क्रम सांगाल का? एका मित्राने सातही अंक वाचले, त्याला टोनी निव्वळ खलनायक वाटला.
– एक वाचक, पुणे

उत्तर : मित्राला तसं वाटण्याचं कारण आहे. मुख्य सात अंकांत घटना आहेत, पण माणसांची मनं पुष्कळदा जोड-अंकांत, म्हणजे हीच कथा पुढे नेणाऱ्या इतर मालिकांच्या अंकांत आहेत. तिथेही एक अडचण येते. वेगवेगळ्या लेखकांनी तोच कायदा वेगवेगळा रंगवला. कुठे नोंदणी केली की माणूस मोकळा, कुठे नोंदणी म्हणजे थेट सक्तीची भरती. त्यामुळे एका अंकात टोनी समंजस वाटतो आणि दुसऱ्यात जुलमी. हा मालिकेतला खरा दोष आहे, वाचणाऱ्याचा नव्हे.

क्रम असा ठेवा. आधी ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स : इल्युमिनाटी’ हा एकच अंक वाचा, कायदा येणार हे टोनीला आधीच दिसलेलं असतं, ते त्यात कळतं. मग मुख्य मालिकेचे पहिले दोन अंक. दुसऱ्याच्या शेवटी पीटर पार्कर पत्रकारांसमोर मुखवटा काढतो, तिथे थांबा आणि ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ ५३२ पासून उघडा. ५३८ पर्यंतचे अंक मुख्य मालिकेच्या पुढच्या अंकांबरोबर आलटून पालटून वाचा, कारण बाजू बदलणारा पीटर हाच या कथेचा कणा आहे. सातवा अंक संपल्यावर ‘कॅप्टन अमेरिका’चा २५ वा अंक आणि त्यानंतर ‘द कन्फेशन’. हा क्रम चुकवू नका. ‘कन्फेशन’ आधी वाचलात तर २५ व्या अंकातला धक्काच जातो.

प्रश्न : सातव्या अंकात कॅप्टन जिंकत असताना शरण का जातो? हे पटत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पटत नाही, कारण तयारी आधीच्या अंकांत विखुरलेली आहे. चौथ्या अंकात थॉरची नक्कल म्हणून बनवलेला जीव कॅप्टनच्या बाजूच्या गोलायथला ठार करतो. नोंदणीवाल्यांच्या हातून आपलाच एक जुना सोबती मरतो आणि ‘फॅन्टास्टिक फोर’मधल्या स्यू रिचर्ड्ससारखी माणसं त्यांची बाजू सोडतात. पुढे तेच नोंदणीवाले पकडलेल्या खलनायकांना नायकांच्या शिकारीवर सोडतात आणि निगेटिव्ह झोन या वेगळ्याच मितीतल्या तुरुंगात जुन्या मित्रांना खटल्याविना डांबतात. ११ सप्टेंबरनंतरचा पेट्रियट कायदा आणि २००२ पासूनचं ग्वांटानामो ताजं असताना अमेरिकन वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. पण कॅप्टनही निर्मळ राहत नाही. तिसऱ्या अंकात तो टोनीशी हात मिळवतो आणि त्याच हाताने त्याचं चिलखत बंद पाडणारं यंत्र चिकटवतो. सहाव्यात त्याच्या तळावर पनिशर हा गुन्हेगारांना ठार मारत सुटणारा माणूस दोघांना गोळ्या घालतो.

शेवटची झुंज न्यूयॉर्कच्या रस्त्यावर येते. कॅप्टन ढालीने टोनीला बदडत असताना अग्निशमनाची, रुग्णवाहिकेची माणसं त्याच्यावर झेप घेतात. ज्यांना वाचवायचं तेच त्याला अडवत आहेत, हे पाहून तो हात आवरतो. लढाई आपण जिंकतोय पण म्हणणं हरतोय, हे त्याला कळतं. मुखवटा काढून स्टीव्ह रॉजर्स म्हणून तो अटक करून घेतो, आणि ज्या गोष्टीवरून युद्ध पेटलं तीच करतो. पुढचा प्रसंग पाहायचा तर ‘कॅप्टन अमेरिका’चा २५ वा अंक उघडा, न्यायालयाच्या पायऱ्यांवर त्याला हातकड्यांत आणलं जातं, तिथे.

प्रश्न : अशाच संघर्षावर आम्ही एकांकिका लिहितोय. दोन मित्र, एक कायदा. तालमीत एक बाजू सतत वरचढ होते.
– एक गट, कोल्हापूर

उत्तर : आधी कायदा लिहून काढा, संवाद नंतर. एका पानावर चार ओळी : नाव कुणाला द्यायचं, ते कोण पाहू शकतं, नकार दिला तर काय, आणि अपील कुठे. वर सांगितलेला दोष टाळण्याचा हाच मार्ग आहे, कारण कायदा धूसर असला की प्रत्येक पात्र आपल्या सोयीचा अर्थ लावतं. मग कायद्याच्या बाजूच्या मित्राला एक मेलेला माणूस द्या आणि विरोधातल्याला एक कोंडलेला. दोघांपैकी कुणालाही नुसतं तत्त्व बोलू देऊ नका. पेनासारखी एखादी वस्तू रंगमंचावर ठेवा, सहीच्या अगदी जवळ आणा आणि तिथे नकाराचं कारण बाहेरून येऊ द्या. तरीही एक बाजू चढत असेल तर नटांच्या भूमिका एका तालमीपुरत्या अदलाबदल करून पाहा. ज्या वाक्याला दुसरा नट अडखळतो, ते वाक्य लेखकाने आपल्या आवडत्या बाजूसाठी लिहिलेलं असतं, ते कापा.