राजीनाम्याआधीचा प्रश्न

गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून पुढे मुंबई-पुण्यात मोठ्या पदावर पोचलेली आणि चाळिशीच्या आसपास पोचल्यावर आतून अस्वस्थ झालेली माणसे अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी अधिक येऊ लागली आहेत. दिवाळीला किंवा आईवडिलांच्या आजारपणात ती गावी येतात, दोन-चार दिवसांनी झोप उडते आणि मग प्रश्न येतो तो जवळपास एकाच शब्दांत: "एवढे मिळवले, पण जे करतो ते माझ्या मूल्यांना धरून आहे का? सगळे सोडून परत यावे का?" गुंतवणुकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांत ही चिंता मला अधिक तीव्र दिसते. डॉक्टर झालेला मुलगा काय करतो हे गावाला कळते, पण म्युच्युअल फंडात दुसऱ्यांचे हजारो कोटी सांभाळणारा मुलगा नेमके काय करतो हे त्याच्या घरातही कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे आपले काम चांगले की वाईट, हे ठरवायला त्याच्याजवळ स्वतःशिवाय कोणी उरत नाही.

अशाच एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडते आहे.

वर्धा जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावात त्यांचे घर आहे. नागपुरात अभियांत्रिकी, मग व्यवस्थापनाचे शिक्षण, आणि त्यानंतर मुंबईत एका म्युच्युअल फंड कंपनीत वरिष्ठ फंड व्यवस्थापकाच्या पदापर्यंतचा प्रवास. 2024 च्या दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी सुरू झालेली होती. रजा घेऊन ते आले, वावरात उभे राहिले, मजुरांचे हिशोब पाहिले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजार समितीत त्याहून बऱ्याच कमी भावाने माल जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि त्याच आठवड्यात मुंबईहून त्यांच्या वार्षिक बोनसच्या आकड्याविषयी फोन आला. माझ्याकडे आले तेव्हा राजीनाम्याचा मसुदा त्यांच्या फोनमध्ये तयार होता.

पहिल्या भेटीत त्यांनी जे सांगितले ते ऐकणाऱ्याला हलवून टाकणारे होते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, डोक्यापर्यंत वाढली होती, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती आणि तोंडाला रुमालापलीकडे संरक्षण नव्हते. त्यांचे मामा त्याच हंगामात फवारणी करताना वावरात कोसळले आणि बरेच दिवस रुग्णालयात राहून वाचले. त्या काळात हे गृहस्थ सांभाळत असलेल्या फंड योजनेत एका कीटकनाशक कंपनीचे शेअर होते आणि त्या तिमाहीत त्यांनी चांगला परतावा दिला होता. "ताई, मामा खाटेवर होता आणि माझ्या कामगिरीच्या तक्त्यात त्या कंपनीचे नाव हिरव्या रंगात होते," असे ते म्हणाले.

हे ऐकल्यावर मूल्यसंघर्ष येथेच आहे असे कोणीही म्हणेल. मी मात्र घाई केली नाही, कारण राजीनाम्याचा विचार घेऊन येणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात: शरीराचा थकवा, घराविषयीची अपराधी भावना आणि कामातील खरा मूल्यसंघर्ष. तिन्ही एकाच आवाजात बोलतात. थकव्याला विश्रांती हवी, अपराधी भावनेला माणसांशी बोलणे हवे, आणि फक्त तिसरी गोष्ट नोकरीत बदल मागते. पहिल्या दोन गोष्टी शांत करण्यासाठी दिलेला राजीनामा त्यांना शांत करत नाही. उलट महिन्याचे उत्पन्न गेल्यावर त्यात काळजीची भर पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

थकव्याचा भाग लवकर सुटला. अमेरिकेचा बाजार बंद कसा झाला हे पाहण्यासाठी पहाटे उठण्याची सवय अनेक वर्षांची होती आणि सलग सहा तास झोप कधी झाली ते त्यांना आठवत नव्हते. मी त्यांना फिजिशियनकडे पाठवले, आणि वडिलांचे व्यायाम सुरू आहेत तोवर, म्हणजे रजा संपेपर्यंत, कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही असे दोघांच्या संमतीने ठरवले.

घराचा भाग अधिक अवघड होता. गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज त्यांनी फेडले होते, गावात दोन मजली घर बांधले होते आणि त्या घराच्या वरच्या मजल्याला बाराही महिने कुलूप होते. मी त्यांना एकच काम दिले: आपण काय करतो ते वडिलांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचे. वडिलांनी ऐकून पहिला प्रश्न विचारला तो असा: "मंग सोयाबीनचा भाव तुमीच पाडता का?" मुलाने समजावले की शेअरमधील पैसा वेगळा आणि धान्याचा वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे, वेगळा, शिवाय सोयाबीनचे वायदे तर शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 पासून थांबवलेलेच होते, आणि भावाचा संबंध बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलाशी आणि त्यावरच्या आयात शुल्काशी अधिक आहे. वडिलांना सगळे पटले असे नाही. तरी त्या संध्याकाळी बापलेक कर्जफेड आणि औषधे यांच्या पलीकडच्या विषयावर बऱ्याच काळाने बोलले, आणि त्यानंतरच्या भेटीत त्यांच्या बोलण्यातील "मी गावाचा गुन्हेगार आहे" हे वाक्य आपोआप गळून गेले होते.

मग राहिला खरा प्रश्न. येथे मला त्यांच्या व्यवसायाविषयी बरेच शिकावे लागले, आणि ते येथे सांगणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्रातील माणसाची मूल्ये कोठे चालू शकतात आणि कोठे नाही, हे त्यावर अवलंबून असते. फंड व्यवस्थापक जे पैसे सांभाळतो ते त्याचे नसतात. योजनेच्या माहितीपत्रकात जे लिहिले आहे, त्याच चौकटीत त्याने ते गुंतवायचे असतात, आणि स्वतःच्या मनाला बोचते म्हणून गुंतवणूकदाराचे नुकसान करण्याचा अधिकार त्याला नाही. शिवाय बाजारातून शेअर विकला तर कंपनीच्या तिजोरीतून एक रुपयाही कमी होत नाही; तो शेअर फक्त दुसऱ्याच्या हाती जातो. मात्र शेअर हातात असताना प्रश्न विचारता येतात. सेबीने म्युच्युअल फंडांना जुलै 2020 पासून गुंतवणूक केलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवण्याची आणि त्यांच्याशी संवाद साधण्याची जबाबदारी दिली आहे, आणि एप्रिल 2022 पासून त्या कंपन्यांच्या प्रत्येक ठरावावर मत देणे बंधनकारक आहे. 2017 च्या विषबाधेनंतर राज्य सरकारने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली होती, म्हणजे शेतकऱ्याचे संरक्षण हा कंपनीच्या धंद्यापुढील धोकाही होता. तो प्रश्न व्यवस्थापनाला विचारणे हे गुंतवणूकदाराच्या हिताचेच काम ठरते. हे सर्व ते मला सांगत होते, आणि सांगताना त्यांच्याच लक्षात आले की या बाबतीत त्यांना करण्यासारखे होते आणि पुढेही आहे. मामांविषयीचे दुःख खरे होते, पण राजीनाम्याचे मूळ तेथे नव्हते.

मूळ दुसरीकडे होते, आणि ते एका साध्या प्रश्नातून वर आले. मी विचारले, "रात्री जाग येते तेव्हा कोणाचा चेहरा दिसतो?" बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "आमच्या गुरुजींचा."

हे गुरुजी म्हणजे गावच्या शाळेतील त्यांचे शिक्षक. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ग्रॅच्युइटीचा मोठा भाग त्यांनी 2024 च्या उन्हाळ्यात एका नव्या फंड योजनेत टाकला होता. ती योजना एकाच क्षेत्रातील कंपन्यांत पैसे गुंतवणारी होती, त्या क्षेत्राचे भाव तेव्हा चढलेले होते, आणि तालुक्याच्या एजंटने "युनिट फक्त दहा रुपयांना मिळते, म्हणजे स्वस्त आहे" असे सांगितले होते. हा गैरसमज आपल्याकडे सर्रास आहे. नव्या योजनेचे युनिट दहा रुपयांपासून सुरू होते एवढाच त्याचा अर्थ. त्या दहा रुपयांतून घेतलेले शेअर महाग असतील तर योजना महागच असते. गुरुजींनी मात्र एवढेही पाहिले नव्हते, कारण पत्रकावर फंड व्यवस्थापक म्हणून आपल्या विद्यार्थ्याचे नाव छापलेले होते.

या गृहस्थांना स्वतःला तेव्हा ही योजना आणणे योग्य वाटत नव्हते. तसे त्यांनी बैठकीत एकदा सौम्यपणे सांगितले होते, पण कंपनीचे उत्पन्न तिने सांभाळलेल्या एकूण रकमेच्या टक्केवारीवर ठरते, चढत्या बाजारात नव्या योजनेला पैसा सहज येतो, आणि विक्री विभागाचा आग्रह होता. त्यांनी होकार दिला. सप्टेंबर 2024 अखेरीस बाजाराने उच्चांक गाठला आणि मग घसरण सुरू झाली.

"माझेही पैसे त्यात आहेत," असे ते आधी स्वतःच्या बचावात म्हणाले. तेव्हाच्या नियमानुसार व्यवस्थापकांच्या वेतनाचा किमान 20 टक्के भाग ते सांभाळत असलेल्या योजनांच्या युनिटांत जात असे आणि 3 वर्षे अडकून राहत असे. नियम चांगला आहे. पण त्यांच्या वेतनाचा पाचवा हिस्सा आणि गुरुजींच्या आयुष्याची पुंजी या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात घटल्या, तरी दोघांना बसणारा फटका सारखा नसतो, हे त्यांनीच पुढच्या वाक्यात मान्य केले. ते बराच वेळ रडले. मूल्य कोठे मोडले होते ते आता स्पष्ट होते. नकार देण्याचा अधिकार हातात असताना तो पूर्ण वापरला गेला नव्हता, आणि कीटकनाशकाची मोठी, सार्वजनिक वेदना या छोट्या, खासगी गोष्टीवर पांघरूण घालत होती. माझ्या अनुभवात हे वारंवार घडते: ज्या अपराधाविषयी जग आपल्याला सहानुभूती देईल तो माणूस आधी सांगतो, आणि ज्याविषयी त्याला खरोखर उत्तर द्यावे लागेल तो मागे ठेवतो.

या टप्प्यावर त्यांनी वर्ध्याचे उद्योगपती आणि गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज यांचे नाव काढले. वर्ध्याच्या परिसरात वाढलेल्या मुलाच्या मनात हे नाव येणे स्वाभाविक आहे. "त्यांच्यासारखे सर्व सोडता आले पाहिजे," असे ते म्हणाले. मी त्यांना आठवण करून दिली की जमनालालजींनी संपत्ती विश्वस्ताच्या भावनेने वापरली, पण व्यापार आणि उद्योग सोडला नाही. आणि 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, ते मंदिर त्यांच्याच घराण्याचे होते. जेथे त्यांचा शब्द चालत होता तेथे त्यांनी विरोध पत्करून तो वापरला. यांचा शब्द कोठे चालतो, एवढेच शोधायचे होते.

ते प्रथम गुरुजींकडे गेले. योजनेत काय आहे, ती का घसरली आणि तेव्हा आपल्याला काय वाटत होते, हे त्यांनी काही न लपवता सांगितले. गुरुजी एवढेच म्हणाले, "तू आहेस म्हणून मी वाचलेच नाही, बाबू." ते रागावले नाहीत, आणि त्यामुळेच हे वाक्य पेलायला या गृहस्थांना जड गेले, त्यावर आम्हाला पुढे बराच वेळ बोलावे लागले. सल्ला मात्र त्यांनी स्वतः दिला नाही, कारण ज्या योजनेवर आपले नाव आहे तिच्याविषयी निःपक्ष सल्ला आपण देऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते आणि मला ते योग्य वाटले. गुरुजींना त्यांनी सेबीकडे नोंदणी असलेल्या, कमिशन न घेणाऱ्या सल्लागाराकडे पाठवले. त्यानंतर दैनंदिन खर्चाला लागणारी रक्कम पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेली, जिची मर्यादा एप्रिल 2023 पासून 30 लाख रुपये आहे. थोडी रक्कम बाजारात राहिली, आणि काही तोटा कायमचा झाला.

रजा संपल्यावर त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले की ज्या योजनेची गरज आपण स्वतः गुंतवणूकदाराला समजावू शकत नाही, तिच्यावर आपले नाव घालू नये. याची किंमत पडली. पुढच्या वर्षी आणखी एक विषयाधारित, म्हणजे ठराविक विषयाशी संबंधित कंपन्यांतच गुंतवणारी, योजना दुसऱ्याकडे गेली आणि बोनस लक्षणीय घटला. एका भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. घराच्या हप्त्यांविषयी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांनी मोकळेपणाने विचारले, आणि उत्पन्न किती घटले तरी चालेल याचा आकडा दोघांनी माझ्यासमोर कागदावर मांडला. मूल्यांची चर्चा जोडीदाराला बाहेर ठेवून झाली तर त्या मूल्यांचा खर्च त्यालाच न विचारता भरावा लागतो, म्हणून ही भेट मी आग्रहाने घडवून आणते.

त्यांनी नोकरी सोडलेली नाही. कीटकनाशक कंपन्यांच्या व्यवस्थापनाशी होणाऱ्या प्रत्येक बैठकीत शेतकऱ्यांचे प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य यांविषयी ते प्रश्न विचारतात. उत्तरे बहुधा गुळमुळीत मिळतात, असे ते सांगतात. मामांकडे ते अद्याप गेलेले नाहीत. वडिलांच्या पश्चात वावर ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, द्यायचे की स्वतः करायचे हा प्रश्नही उघडा आहे, आणि पेरणीआधीच्या भेटीत तो घ्यायचा असे आम्ही ठरवले आहे.