बीटवरचा पहिला आठवडा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोलापूर शहरात नव्याने नेमणूक झालेले पोलीस शिपाई, त्यांच्या घरची माणसे आणि काही नागरिक यांची पत्रे या महिन्यात बरीच आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: प्रशिक्षण संपवून ठाण्यात हजर झालो. बीट (ठाण्याच्या हद्दीतला आपल्या वाट्याचा भाग) मिळाले. हवालदार म्हणाले, "आधी हद्द फिरून ये." फिरताना नेमके काय बघायचे?
— पोलीस शिपाई, सोलापूर

पहिले दोन दिवस दुचाकी ठाण्यातच राहू द्या आणि पायी फिरा. दुचाकीवरून रस्ते कळतात, बोळ कळत नाहीत. आणि जुन्या पेठांमध्ये पळणारा माणूस बोळातच शिरतो. कोणता बोळ पुढे बंद होतो, कोणत्या वाड्याला मागचे दार आहे, कोणत्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही, हे पायी फिरल्याशिवाय समजत नाही.

आधी सीमा पक्की करा. ठाण्यातला नकाशा पाहा आणि मग त्या जागी जाऊन उभे राहा, कारण एकाच रस्त्याची डावी बाजू एका ठाण्याकडे आणि उजवी दुसऱ्याकडे असे असू शकते. रेल्वेच्या फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, स्थानकाबाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा. हद्द माहीत हवी ती मदत लवकर पोचवण्यासाठी. "हे आमच्याकडे येत नाही" असे सांगून माणसाला वाटेला लावण्यासाठी नव्हे.

मग तेच बीट वेगवेगळ्या वेळी पाहा. पूर्व भागात यंत्रमागाची पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर कोण असते, विडी कामगार महिला विड्या द्यायला कोणत्या रस्त्याने जातात, शाळा कधी सुटते, सराफांची दुकाने कधी बंद होतात, मार्केट यार्डाकडे कांद्याच्या गाड्या रात्री कधी लागतात, हे वहीत लिहून ठेवा. कोणत्या वेळी काय नेहमीचे असते ते ठाऊक असले की वेगळे दिसणारे लगेच डोळ्यांत भरते. नव्या माणसाला सगळेच संशयास्पद वाटते किंवा काहीच वाटत नाही. दोन्हींचे कारण एकच: नेहमीचे चित्र अजून डोळ्यांत बसलेले नसते.

माणसांशी ओळख करताना रोज आठ-दहा जण पुरेत. रात्रीचा वॉचमन, चहाची गाडी, रिक्षा थांबा, रात्रभर उघडे असणारे मेडिकल, पेट्रोल पंप, मंडळाचे अध्यक्ष, मशिदीचे आणि मंदिराचे विश्वस्त, एकटे राहणारे वृद्ध. मंडळाच्या अध्यक्षाशी पहिली भेट मिरवणुकीच्या वादात होणे वाईट. ती त्याआधी साध्या नमस्काराने झालेली असावी.

खिशात आणि पिशवीत काय हवे: पाने क्रमांकित असलेली वही, दोन पेन, टॉर्च, शिट्टी, हातमोज्यांचे दोन जोड, खडू, चार्ज केलेली पॉवर बँक, पाणी. वहीत "गस्त केली, सर्व शांत" असे लिहू नका, त्या नोंदीचा कुणालाही उपयोग नाही. अशी लिहा: "०१.२०. किराणा दुकानाच्या शटरला उजवीकडचे कुलूप नाही. पाटीवरील नंबरवर मालकास फोन. ०१.५० मालक हजर, आत पाहणी, चोरी नाही, कुलूप लावले." चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही करा. व्हाइटनर लावू नका, मध्ये कोरी ओळ सोडू नका. साक्षीला उभे राहाल तेव्हा वकील आधी वेळ विचारतो, आणि तेव्हा ही वहीच हाताशी असते.

शटर पाहताना टॉर्च मारून पुढे जाऊ नका. हाताने दोन्ही टोके हलवून बघा. शटर बहुधा एका कोपऱ्यातून उचकटतात, आणि लांबून ते बंदच दिसते.

प्रश्न: ११२ वर फोन आला आणि मीच सगळ्यांत आधी पोचलो, आत माणूस पडलेला आहे. वरिष्ठ येईपर्यंत काय करायचे आणि काय करायचे नाही?
— दोन नवे पोलीस शिपाई

या आठवड्यात तुमच्या हातून होणारे सगळ्यांत मोठे नुकसान याच वेळी होऊ शकते, म्हणून सविस्तर सांगतो.

जीव आधी, पुरावा नंतर. श्वास किंवा नाडी लागत असेल, किंवा शंका असेल, तर १०८ बोलवा आणि प्रथमोपचार सुरू करा. गळफास असेल आणि जीव असण्याची थोडीही शक्यता असेल तर शरीराला खालून आधार द्या आणि दोर गाठीपासून लांब कापा. गाठ सोडू नका, गाठ हाच पुरावा असतो. मृत्यू झाल्याचे उघड दिसत असेल तर काहीही हलवू नका.

आत जाताना एकच वाट ठरवा आणि त्याच वाटेने बाहेर या. दार उघडे होते की लोटलेले, कडी आतून होती का, दिवा-पंखा चालू होता का, वास कसला येत होता, हे पहिल्या पाच मिनिटांत लिहा. नंतर येणारा प्रत्येक जण यातले काहीतरी बदलतो. मग दाराशी उभे राहा आणि कोण आत गेले, किती वाजता, कशाला हात लावला, याची यादी ठेवा. त्यात स्वतःचे नाव पहिले लिहा. वरिष्ठ अधिकारी आले तरी त्यांच्या नावापुढेही वेळ टाका. जाणता अधिकारी याचा राग मानत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका अशा. घरातल्या बेसिनमध्ये हात धुणे: आरोपीने तिथेच रक्त धुतलेले असू शकते. शेजाऱ्यांनी आणलेला चहा आत बसून पिणे. तंबाखू थुंकणे किंवा गुटख्याची पुडी तिथे टाकणे: तुमची थुंकी नमुन्यात मिसळते. सुरा उचलून "हा सापडला" म्हणून दाखवणे. मृताचा मोबाइल हातात घेऊन कुलूप उघडायचा प्रयत्न करणे. घरच्या बायका रडत रडत फरशी पुसायला घेतात, त्यांना हळुवारपणे बाजूला बसवा. हे काम आवाज चढवून करायचे नसते. पाऊस असेल तर पाऊलखुणेवर स्वच्छ घमेले पालथे घाला. जखमीला सिव्हिलला नेले असेल तर त्याचे रक्ताळलेले कपडे कागदी पिशवीत घ्यायला सांगा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो.

झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जप्ती तपास अधिकारी करतील, पण हे चित्रीकरण करण्याचे ई-साक्ष्य ॲप चालवायला बऱ्याचदा तुम्हालाच सांगितले जाईल. ते ठाण्यात बसून आधी शिकून घ्या.

रस्ता अपघातात क्रम थोडा बदलतो. जखमी उचलले की वाहने हलवण्याआधी चारही चाकांच्या जागी खडूने खुणा करा, दोन्ही बाजूंनी आणि लांबून फोटो घ्या, मगच एक बाजू मोकळी करा. हैदराबाद रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर वाहतूक अडली की लोक ओरडतात आणि नवा शिपाई घाईने गाडी बाजूला घेतो. मग चूक कुणाची होती हे सांगणारी खूणच उरत नाही.

प्रश्न: बीटवर एक बाई तक्रार घेऊन आली. तिला मराठी नीट येत नव्हते, तेलुगू बोलत होती. आणि प्रकार दखलपात्र की अदखलपात्र हेही मला कळेना. अशा वेळी काय सांगावे?
— महिला पोलीस शिपाई

"ठाण्यात जा" एवढे सांगून सोडू नका. तिला ठाणे अंमलदारापर्यंत स्वतः न्या किंवा फोन करून वर्दी द्या. गुन्हा नोंदवणे हे तुमचे काम नाही, पण ती मध्येच परत फिरली तर दोष तुमच्याकडेच येतो.

दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात) दिसत असेल तर फिर्याद घ्यावीच लागते, घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी. तिला झिरो एफआयआर म्हणतात आणि ती नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होते. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७३ मध्ये आहे. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, हे तिला सांगा. अदखलपात्र असेल तर कलम १७४ प्रमाणे नोंद (एन.सी.) होते आणि तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, "एन.सी. झाली म्हणजे काहीच झाले नाही" असे मात्र सांगू नका. पुढे त्याच माणसाने मारहाण केली तर ती जुनी नोंद कामाला येते.

नवऱ्याची मारहाण असेल तर "घरगुती बाब आहे, मिटवून घ्या" हे वाक्य तोंडून जाता कामा नये. घरी गेलात तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत घ्या, स्वयंपाकघरात वाद चालू ठेवू देऊ नका, आणि पहिला प्रश्न जखमेचा विचारा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या.

भाषेचे: पूर्व भागात तेलुगू आणि शहरात सगळीकडे कन्नड, दखनी उर्दू ऐकू येते. "एमैंदी?" आणि "एनाय्तु?" म्हणजे काय झाले, एवढे विचारता आले तरी समोरच्याचा श्वास खाली बसतो. पण जबाब अंदाजाने लिहायचा नाही. दुभाषी घ्या आणि तो आरोपीच्या नात्यातला नसल्याची खात्री करा. त्याचे नाव जबाबात यावे, आणि "तेलुगूत वाचून दाखवले, बरोबर आहे" अशी ओळ शेवटी यावी. ती ओळ नसली की बचाव पक्ष "मी असे म्हणालेच नव्हते" इथून सुरुवात करतो.

प्रश्न: रात्री दोन वाजता एकटा माणूस फिरताना दिसला तर त्याला ठाण्यात आणता येते का?
— पोलीस शिपाई, रात्रगस्त

नुसते फिरणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ लागायला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत काहीतरी ठोस लागते: घरफोडीचे हत्यार, समाधानकारक कारण न देता झाकलेला चेहरा, दुसऱ्याच्या आवारात विनाकारण सापडणे. आधी विचारा: कुठून आलात, कुठे काम करता, मालक कोण. पाळी सुटलेला यंत्रमाग कामगार कारखाना कुठे आहे ते लगेच सांगतो, आणि मालकाला एक फोन लावला की प्रश्न मिटतो. आधारकार्ड पाहून परत द्या, ठेवून घेऊ नका.

"चौकशीसाठी आणले" असे म्हणून नोंदीशिवाय कुणालाही ठाण्यात बसवून ठेवू नका. हा आमचा सगळ्यांत आग्रहाचा सल्ला आहे, कुणीही जुन्या माणसाने काहीही सांगितले तरी. अटक असेल तर ती अटकच: तुमच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचे कारण सांगितले पाहिजे, घरच्यांना कळवले पाहिजे, अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. शहरात तो दर्जा सहायक आयुक्तांचा. महिलेची अंगझडती महिलाच घेईल. अठरा वर्षांखालचे मूल असेल तर कोठडी नाही, बेडी नाही. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला लगेच कळवा.

प्रश्न: माझी लेक पोलिसात लागली, पहिलीच नेमणूक. उन्हात उभी असते, रात्री उशिरा येते, जेवत नाही. काय सांगू तिला?
— एक आई, अक्कलकोट रोड

ताई, सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट पाणी प्यायला सांगा. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली पाणी टाळतात. त्यातून लघवीचा संसर्ग आणि चक्कर दोन्ही येतात. बीटवरचे वापरता येण्यासारखे स्वच्छतागृह कुठे आहे (बँक, दवाखाना, शाळा) हे तिने पहिल्याच दिवशी हेरून ठेवावे. डब्यात भाकरी-भाजीबरोबर शेंगाचटणी आणि ताक असू द्या, उभ्याने खाता येते. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, संध्याकाळी पाय सुजतो. रात्रपाळीनंतर खोली अंधारी करून सलग झोपू द्या. पाहुणे आले तरी उठवू नका.

प्रश्न: जानेवारीत हजर झालो आणि थेट गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, बंदोबस्तात लागलो. पॉइंटवर उभे राहून काय करायचे?
— पोलीस शिपाई

सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सात काठ्या निघतात. त्या उंच असतात, म्हणून तुमच्या टप्प्यातल्या वरच्या तारा आणि फांद्या आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि अडचण असेल तर पॉइंट प्रमुखाला सांगा. पॉइंटवर पोचताच तीन गोष्टी ठरवा: रुग्णवाहिका कुठून येईल, गर्दी कोणत्या बोळात सोडता येईल, तुमच्या दोन्ही बाजूंचे पॉइंट कोणाकडे आहेत. पाठ मिरवणुकीकडे आणि तोंड गर्दीकडे ठेवा. दोरी धरली असेल तर हाताला गुंडाळू नका, रेटा आला की मनगट जाते.

मूल चुकले तर ते सापडले त्याच जागी थोडा वेळ थांबा, कारण आई तिथेच परत येते. मग मदत केंद्रात द्या. कुणी "माझे आहे" म्हणाले तर मुलाचे नाव आधी त्या माणसाला विचारा, मुलासमोर नाव उच्चारून देऊ नका. वायरलेसवर संदेश थोडक्यात: पॉइंट, काय झाले, काय हवे.

प्रश्न: दुकानात चोरी झाली. नवा बीट अंमलदार कॅमेऱ्याचे फुटेज मागत होता, पण कसे द्यायचे ते दोघांनाही कळेना.
— कापड व्यापारी, नवी पेठ

आधी डीव्हीआरवरची (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरची) वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. बऱ्याच डीव्हीआरचे घड्याळ पुढे-मागे असते आणि तो फरक नोंदलेला नसेल तर आरोपी "तेव्हा मी गावात नव्हतो" असे म्हणून सुटतो. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचे फुटेज नव्या पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण करून व्हॉट्सॲपवर पाठवलेले आरोपी ओळखायला उपयोगी पडते, पण न्यायालयात मूळ फुटेज आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र लागते. त्यावर तुमचीही सही लागेल. उशीर करू नका. हार्डडिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. अंमलदाराने शेजारच्या चार दुकानांचे कॅमेरेही त्याच दिवशी पाहावेत, विशेषतः रस्त्याच्या समोरच्या बाजूचे. तुमच्या कॅमेऱ्यात टोपी दिसते, समोरच्यात गाडीचा नंबर.