रजिस्टरातला नवऱ्याच्या नावाचा रकाना

नर्सबाईंना विचारा

प्रश्न : बाई, मी 22 वर्षांची आहे. रत्नागिरीजवळच्या गावात राहते, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. लग्न झालेलं नाही. ज्याच्याशी करायचं ठरवलंय तो मिरकरवाड्याहून सुटणाऱ्या बोटीवर असतो आणि जून-जुलैत मासेमारी बंद असली की गावात. या दोन महिन्यांत मी तीनदा, दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर घ्यायची ती 72 तासांतली गोळी घेतली. गावच्या मेडिकलवाल्याची बहीण माझ्या वर्गात होती, म्हणून दर वेळी एसटीने शहरात जाते. गोळीचे पैसे जातात, तिकिटाचे जातात आणि हजेरी बुडते ती वेगळीच. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण नवऱ्याचं नाव विचारतात म्हणे. आणि या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हे खरं का?

उत्तर : बाळ, शेवटचं आधी सांगते, कारण तुझी झोप त्यानेच उडाली असणार. त्या गोळीने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. मळमळतं, पाळी मागेपुढे होते, मध्येच डाग दिसतो. पण ती अडीअडचणीची गोळी आहे, रोजच्या गोळीइतका तिचा भरवसा नाही. घेतल्यावर पुन्हा संबंध आला, तर त्या वेळेला ती उपयोगी पडत नाही. पाळी आठवडाभर लांबली असेल तर दिवस राहिलेत का, याची आधी लघवीची तपासणी कर. ‘निश्चय’ किट आशाताईकडे असतं. गावात मागायला नको वाटत असेल तर शहरातल्या मेडिकलमधून आण.

आता नवऱ्याचं नाव. विचारतात हे खरं आहे. मीही विचारलंय.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. भर पावसात दुपारी एक मुलगी उपकेंद्रात आली, छत्री दाराशी निथळत ठेवली आणि हळू आवाजात म्हणाली, “माला-एन आहे?” रोज घ्यायच्या या सरकारी गर्भनिरोधक गोळ्यांची दोन खोकी माझ्या मागच्या कपाटात भरून होती. मी रजिस्टर ओढलं, तिचं नाव लिहिलं, पुढचा रकाना आला तशी न बघताच विचारलं, “मिस्टरांचं नाव?” ती म्हणाली, “वहिनीला हव्यात, विचारून येते.” घाईत छत्री तिथेच राहिली. चार महिन्यांनी आईला घेऊन आली तेव्हा पोट दिसायला लागलं होतं. आईने मला एकच विचारलं : “बाय, तुमच्याकडं गोळ्या होत्या ना?”

छत्री मी जपून ठेवली होती. ती तिला परत दिली, दुसरं काही देण्यासारखं माझ्या हातात उरलं नव्हतं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी त्या रकान्यात रेघ मारत आले. वरून कधी कुणी जाब विचारला नाही.

म्हणून सांगते, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भनिरोधक देताना लग्नाचा दाखला किंवा नवऱ्याची संमती मागणारा कायदा नाही. कुणी विचारलंच तर “लग्न झालेलं नाही, गोळ्या हव्यात” एवढं बोल आणि तिथून हलू नकोस. गावच्या उपकेंद्रातच जायचं बंधन नाही. जिल्हा रुग्णालयाच्या गर्दीत केसपेपर काढलास तर तुला कोण ओळखतंय? मात्र आशाताई घरोघरी देते ते पात्र, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्यांच्या यादीवरून, एक रुपयात निरोधचे (सरकारी कंडोमचे) तीन नग किंवा गोळ्यांचं एक पाकीट. त्या यादीत तुझं नाव नसणार, तेव्हा तिने येण्याची वाट बघू नकोस.

मागायचं काय? माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 संप्रेरकांच्या आणि 7 लोहाच्या. पाळी सुरू झाल्यापासून 5 दिवसांच्या आत पहिली घ्यायची, मग रोज ठरल्या वेळी. आधी रक्तदाब तपासून घे. अर्धशिशी असेल, कधी पायात रक्ताची गाठ झाली असेल किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर ते आधी सांग. ‘छाया’ ही दुसरी गर्भनिरोधक गोळी. तिच्यात संप्रेरकं नाहीत, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, नंतर आठवड्याला एक. सुरुवातीला पाळी लांबते, तेव्हा घाबरू नकोस. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. घरी काही लपवावं लागत नाही, आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुझी निम्मी धास्ती तीच आहे. पण त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. लगेच लग्न आणि मूल मनात असेल तर छाया किंवा माला-एन बरी. हे सगळं सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

आणि हे त्यालाही वाचायला दे. तीन वेळा एसटीत तू बसलीस, तो एकदाही नाही, हे मला आवडलेलं नाही. निरोध त्याने आणायचे. गुप्तरोगांपासून तेवढंच वाचवतं, गोळी वाचवत नाही.

प्रश्न : मी 20 वर्षांचा, मालवणला हॉटेलात काम करतो. मेडिकलमध्ये कंडोम मागायला जीभ उचलत नाही. काय करू?

उत्तर : मागूच नकोस, उचलून घे. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत भिंतीला निरोधची पेटी असते, हात घालायचा आणि निघायचं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रातही मोफत मिळतात. पाकिटावरची मुदत बघ, आणि हॉटेलच्या भट्टीजवळ टांगलेल्या पँटच्या खिशात ठेवू नकोस, उष्णतेने रबर खराब होतं.

तुझी लाज मी समजू शकते. आपल्याच दापोलीकडच्या मुरुडच्या कर्व्यांच्या घरातल्या र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी तुला हे मला पत्र लिहून विचारावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. तू विचारलंस ते बरं केलंस. पेटी रिकामी दिसली तर तिथल्या सिस्टरना सांग, भरून ठेवणं त्यांचं काम आहे.