‘उद्या जाऊन राह्यलो’ला इंग्रजीत काय म्हणावं?

दर्यापूरकडच्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: ‘मी उद्या अमरावतीला जाणार’ याला ‘आय विल गो’ म्हणायचं, ‘आय ॲम गोइंग टू गो’ म्हणायचं, की नुसतं ‘आय ॲम गोइंग’?

शाळेत आम्हाला ‘जाणार दिसलं की विल’ एवढंच घोकवलं होतं. त्यापेक्षा भाऊ, घरी कसं बोलतोस ते आठव. भावाला फोन झालाय, पिशवी भरून ठेवलीय, तेव्हा तू ‘जाईन’ म्हणत नाहीस. ‘उद्या अमरावतीले जाऊन राह्यलो’ म्हणतोस. हेच ‘आय ॲम गोइंग टू अमरावती टुमारो’. इथलं ‘टू’ फक्त ‘ले’चं काम करतं, ‘गोइंग टू’च्या पुढे क्रियापद आलं की मामला वेगळा. ‘यंदा चार एकरात पऱ्हाटी लावाची हाय’, म्हणजे मनात पक्कं आहे, बियाण्याची थैली मात्र अजून दुकानातच: ‘आय ॲम गोइंग टू प्लांट कॉटन’. या दोन रूपांत पुष्कळदा कोणतंही चालतं, फार डोकं खाजवू नको.

खरी फसगत तिसरीकडे होते. माय म्हणते, मीठ संपलं. तू चप्पल घालत म्हणतोस, ‘थांब, मी आणतो.’ हा ‘आणतो’ दिसायला वर्तमानकाळी, म्हणून पोरं बिनधास्त ‘आय ब्रिंग’ लिहून मोकळी होतात. तिथल्या तिथे ठरवलेल्या कामाला ‘आय विल गेट इट’ हवं. ‘विल’ जुन्या इंग्रजीत ‘इच्छिणे’ अशा अर्थाचं क्रियापद होतं. ती तयारी त्यात अजून थोडी शिल्लक आहे. उलट ‘एस्टी सहाला सुटते’ हे जसंच्या तसं न्यायचं, ‘द बस लीव्ज ॲट सिक्स’, कारण ते वेळापत्रकातलं.

बोलीचा आधार सगळीकडे पुरत नाही, बरं का. आभाळ काळंकुट्ट झालं की ‘इट इज गोइंग टू रेन’ ठीक. पण उद्याच्या पावसाचा अंदाज सांगताना ‘इट इज रेनिंग टुमारो’ म्हटलं तर खटकतं. पावसाने कोणाला फोन करून वेळ ठरवलेली नसते.

आणि कोणी हाक मारल्यावर आपण जागेवरून न हलता ‘आलो, आलो’ म्हणतो ना, त्याचं ‘आय केम’ करू नको. ‘कमिंग!’ म्हण, आणि बसून राहा.